कोडावरील क्लिनिकल ट्रायल: पात्रता कशी ठरते, कोणते कागद लागतात, अर्ज कुठे अडतो

पांढऱ्या डागांवरच्या नव्या उपचाराच्या ट्रायलमध्ये नाव नोंदवायचे असेल तर पहिली तयारी तारखांची करा. शेवटचा नवा डाग कधी आला, कोणते मलम कधी बंद केले, मशिनचा प्रकाश शेवटचा कधी घेतला, या तीन प्रश्नांना नेमके उत्तर नसेल तर बाकीचे कागद कितीही जाड असले तरी अर्ज अडतो.

ट्रायल शोधताना

ट्रायल सार्वजनिक नोंदवहीत असलीच पाहिजे. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही सर्वांत मोठी नोंदवही. तिथल्या प्रत्येक ट्रायलला ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असा क्रमांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र शोधता येतात. फोन करण्याआधी स्थिती वाचा. ‘रिक्रूटिंग’ लिहिले असेल तरच भरती चालू आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे ट्रायल चालू, पण दरवाजा बंद. नुसता ‘अ‍ॅक्टिव्ह’ शब्द वाचून लोक इथेच फसतात.

नोंदवहीत नाव असणे म्हणजे उपचार सरकारने तपासून मंजूर केला असे मात्र नाही. एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींची सुरक्षा आणि हक्क तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, हे वेगळे विचारा. आणि प्रायोगिक औषधासाठी सहभागीकडूनच पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरा.

निदान: ‘पांढरा डाग’ पुरेसा नाही

पांढरा दिसणारा प्रत्येक डाग कोडाचा नसतो. शिबे, मुलांच्या गालावरचे कोरडे फिकट चट्टे, भाजल्यानंतर किंवा इसबानंतर राहिलेला फिकटपणा, जन्मापासूनचा फिकट डाग, कुष्ठरोगातला बधिर चट्टा, रबर किंवा चिकटद्रव्यातल्या रसायनांनी गेलेला रंग, हे सगळे आधी वगळावे लागते. म्हणून पहिल्या भेटीत वुड्स लॅम्प लागतोच. अंधाऱ्या खोलीत साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला की कोडाचा डाग खडूसारखा, निळसर पांढरा उजळतो आणि त्याची कड स्पष्ट दिसते. रंग नुसता कमी झालेली त्वचा इतकी चमकत नाही. त्या दिवशी सनस्क्रीन, मलम, पावडर काहीही लावून जाऊ नका. मलमाचा थर आणि कापडाचे तंतूही त्या प्रकाशात चमकतात आणि मोजमाप चुकते. शंका राहिली तर बायोप्सी करतात, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात.

पुढचा प्रश्न प्रकाराचा. शरीराच्या दोन्ही बाजूंना येणारे कोड आणि एकाच बाजूच्या पट्ट्यात येणारे सेगमेंटल कोड यांची वाटचाल वेगळी असते. सेगमेंटल कोड सुरुवातीला झपाट्याने पसरून बहुधा थांबते. मलमांच्या आणि गोळ्यांच्या बऱ्याच ट्रायल फक्त पहिल्या प्रकारासाठी असतात. जुन्या केसपेपरवर नुसते ‘व्हिटिलिगो’ (कोड) लिहिलेले असेल तर प्रकार लिहून घ्या.

आकड्यांतली पात्रता

डाग किती आहेत हे ‘व्हासी’ या गुणांकाने मोजतात. रुग्णाच्या स्वतःच्या हाताचा तळवा बोटांसकट म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण १ टक्का. प्रत्येक भागात किती तळवे डाग आहे ते मोजायचे आणि रंग किती गेला त्याने गुणायचे. रंग जाण्याच्या पायऱ्या १०, २५, ५०, ७५, ९०, १०० टक्के अशा ठरलेल्या आहेत. पाठीवर दोन तळवे पूर्ण पांढरे असतील तर २ गुण. पायावर एक तळवा असून त्यात निम्मा रंग शिल्लक असेल तर ०.५. एकूण अडीच.

हे गणित घरी करून पाहण्यासारखे आहे, कारण अटी याच भाषेत असतात. रक्सोलिटिनिब १.५ टक्के क्रीमच्या ट्रू-व्ही१ आणि ट्रू-व्ही२ या ट्रायलचे उदाहरण घ्या. वय १२ किंवा जास्त, कोड सेगमेंटल नसावे, डाग एकूण त्वचेच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत, चेहऱ्यावर किमान ०.५ टक्के असावेत आणि संपूर्ण शरीराचा व्हासी किमान ३ असावा. म्हणजे वरचा अडीच गुणांचा माणूस बाहेर, आणि १५ टक्के डाग असलेलाही बाहेर. चेहऱ्यावरच्या डागांतले सगळे केस पांढरे झालेले असतील तरीही नकार होता. हे कठोर वाटते, पण कारण साधे आहे: त्वचेत रंग परततो तो मुख्यतः केसाच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींमधून. मूळच पांढरे पडले की औषध चांगले असूनही निकाल वाईट दिसेल. हातापायांच्या बोटांवर रंग सावकाश येतो तो याचसाठी, तिथे केस विरळ.

शस्त्रक्रियेच्या ट्रायलमध्ये अट वेगळी असते. तिथे डाग थांबलेला हवा, सहसा वर्षभर तरी. नवा डाग नको, आणि खरचटलेल्या जागी पांढरेपण उमटलेले नको. वर्षभरापूर्वीचा फोटो इथे तोंडी दाव्यापेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

औषध बंद ठेवण्याचा काळ

आधीच्या उपचाराचा परिणाम नव्या औषधाच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून मधे मोकळा काळ लागतो. तो ट्रायलनुसार बदलतो. ढोबळमानाने मलमांसाठी एखाददुसरा आठवडा, पोटातून घ्यायच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांसाठी सुमारे ४ आठवडे, प्रकाशोपचार आणि लेसरसाठी सुमारे ८ आठवडे. आठवड्यातून फक्त दोन दिवस घ्यायच्या स्टेरॉइड गोळ्या लोक ‘रोजचे औषध नाही’ म्हणून सांगतच नाहीत. त्या मोजल्या जातात. बावचीचे तेल किंवा चूर्णही सांगा, त्यात सोरालेन असते आणि ते त्वचेला अतिनील प्रकाशाला हळवी करते. नको तिथला रंगही काढून टाकणारे मोनोबेन्झोन पूर्वी वापरले असेल तर बहुतेक ठिकाणी कायमचा नकार मिळतो.

पात्र व्हायचे म्हणून स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे असते. आधी संमतीपत्र, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध बंद, हाच क्रम.

सोबत काय न्यायचे

- ओळखीचा आणि वयाचा पुरावा. सहभागी अल्पवयीन असेल तर पालकाचा किंवा कायदेशीर पालकत्वाचा कागदही
- निदानाचा केसपेपर, बायोप्सी झाली असल्यास तिचा अहवाल
- उपचारांची यादी: औषधाचे नाव, प्रमाण, सुरू आणि बंद केल्याची तारीख, बंद का केले; रिकाम्या ट्यूबा असतील तर त्याही
- प्रकाशोपचाराचे कार्ड, त्यावर सत्रांची संख्या आणि डोस
- डागांचे जुने फोटो, फाइलच्या मूळ तारखेसह. फोनचे सौंदर्य फिल्टर लावलेले नकोत
- थायरॉइडसह अलीकडच्या रक्ततपासण्या, इतर आजारांची औषधे, अलीकडे घेतलेल्या लसी

नाव असलेले हे कागद केंद्रातच राहतात. कंपनीकडे जाणाऱ्या नोंदींवर तुमचा सांकेतिक क्रमांक असतो.

संमतीपत्र आणि नंतरच्या भेटी

सही होण्याआधी ट्रायलसाठीची एकही तपासणी करता येत नाही. माहितीपत्रक घरी नेऊन वाचण्याचा हक्क आहे, तो वापरा. पाहायच्या गोष्टी: त्रास झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, चेहऱ्याचे फोटो कुठे वापरणार, ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची होकारसहीही घेतात. मधेच बाहेर पडता येते, कारण न देता. त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

त्यानंतर रक्त, लघवी, कधी ईसीजी. प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध असेल तर क्षयरोग, कावीळ बी व सी आणि एचआयव्हीची चाचणी, स्त्रियांसाठी गर्भधारणेची. हे निकाल ठरावीक दिवसांपुरतेच ग्राह्य असतात. भेट लांबली की पुन्हा रक्त द्यावे लागते.

गट संगणक ठरवतो. ट्रू-व्हीमध्ये दोघांना औषध तर एकाला औषध नसलेले नुसते क्रीम असे प्रमाण होते आणि २४ आठवड्यांनंतर ५२व्या आठवड्यापर्यंत सर्वांना औषध दिले. २४ आठवड्यांत चेहऱ्याचा व्हासी ७५ टक्के सुधारलेले औषधाच्या गटात सुमारे ३० टक्के होते, नुसत्या क्रीमच्या गटात ७ ते ११. म्हणजे सहा महिन्यांत दहापैकी तिघे, तेही मंजूर झालेल्या औषधाने. याहून मोठे आश्वासन कोणी भेटीतच देत असेल तर ते नेमके कशावर देतो हे विचारा.

नकार आला तर कारण लेखी मागा. औषध बंद ठेवण्याचा काळ कमी पडला किंवा एखादा रक्ताचा आकडा थोडक्यात हुकला, अशा कारणासाठी बऱ्याच ट्रायलमध्ये एकदा फेरतपासणीची सोय असते. ती भरती बंद होण्याआधीच मिळते, म्हणून भरतीची शेवटची तारीख त्याच भेटीत विचारून ठेवा.