स्प्रेग, फ्रँक जूलियन

स्प्रेग, फ्रँक जूलियन : (२५ जुलै १८५७ – २५ ऑक्टोबर १९३४). अमेरिकन अभियंता व संशोधक. जन्म कनेक्टिकट राज्यातील मिलफर्ड येथे. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १८७८ मध्ये पदवी. काही काळ त्यांनी टॉमस एडिसन यांच्याकडे काम केले आणि १८८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

विजेवरच्या ट्रामचे ते जनक नव्हेत. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे सीमेन्सची ट्राम १८८१ मध्येच सुरू झाली होती आणि अमेरिकेतही व्हान डेपूल, डाफ्ट यांचे प्रयत्न चालू होते. पण रोजच्या धावपळीत टिकेल अशी व्यवस्था उभी राहिली ती स्प्रेग यांनी व्हर्जिनियातील रिचमंड शहरात. तेथील १८८७ चा करार धाडसाचाच म्हणावा लागेल : सुमारे १९ किमी. मार्ग, ४० गाड्या, वीजघर आणि मुदत फक्त ९० दिवस. त्यात काही ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत चढ. मुदत हुकली, पैशाचेही नुकसान झाले. २ फेब्रुवारी १८८८ रोजी मात्र नियमित वाहतूक सुरू झाली.

त्यांचे खरे कौशल्य मोटार बसवण्याच्या पद्धतीत दिसते. मोटारीची एक बाजू थेट चाकांच्या आसावर टेकवलेली आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला स्प्रिंगने टांगलेली. एकचाकी हातगाडीचा भार चाक आणि हात यांत वाटला जातो तसे. त्यामुळे खडबडीत रुळांवर गाडी कितीही हादरली तरी मोटार आसाबरोबरच हलते आणि दंतचक्रांची पकड सुटत नाही. वीज घेण्यासाठी छतावरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने तारेला खालून दाबून धरलेला असे. या दांड्याच्या श्रेयात व्हान डेपूल यांचाही वाटा आहे.

बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी यांना शंका होती, की एकाच ठिकाणी अनेक गाड्या अडकल्या तर वीज पुरेल का? स्प्रेग यांनी एका रात्री २२ गाड्या ओळीने उभ्या करून एकामागून एक सुरू केल्या. दिवे मंदावले, पण गाड्या निघाल्या. बॉस्टनने वीज स्वीकारली आणि इतर शहरांतूनही घोड्यांच्या ट्राम हटू लागल्या. १८९० मध्ये एडिसन यांच्या कंपनीने स्प्रेग यांची कंपनी विकत घेतली.

पुढे ते लिफ्टकडे वळले. त्यातूनच प्रत्येक डब्यातील मोटारी एकाच चालकाच्या हाती देण्याची पद्धत सुचली. शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी १८९७ मध्ये ती तयार झाली. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर–कुर्ला मार्गावर सुरू झालेली विजेची लोकलही याच तत्त्वावर चालणारी. स्प्रेग यांचे निधन न्यूयॉर्क येथे झाले.