लिमितानेई आणि पर्यायी इतिहास

लिमितानेई म्हणजे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरच्या किल्ल्यांत कायम मुक्कामाला असलेलं सैन्य. राईन, डॅन्यूब, सिरियाचं वाळवंट, ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत, सगळीकडे हेच. डायोक्लीशन (284-305) आणि पुढे कॉन्स्टंटाईनच्या काळात फिरतं सैन्य वेगळं झालं, आणि सरहद्दीवाले डुक्स नावाच्या सेनापतीच्या हाताखाली गेले. त्यांना अर्धवेळ शेतकरी म्हणायची सवय पडलीय पण चौथ्या शतकात ते चक्क पूर्णवेळ पगारी सैनिक होते.

पर्यायी इतिहास, म्हणजे 'अमुक घडलं असतं तर' याची कल्पना, रंगवणारे बहुतेक जण 378 च्या एड्रियानोपलच्या लढाईपासून सुरुवात करतात, गॉथांपुढे हरलेला सम्राट वालेन्स जिंकला असता तर वगैरे. इतिहास वेगळ्या वाटेला लागायचा तो फाटा मला दुय्यम वाटतो, कारण सरहद्द मोडली ती पगार थांबल्यावर. 439 मध्ये व्हँडल या जर्मन टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं आणि ज्यातून पगार भागायचे तो आफ्रिकेचा महसूल पश्चिम रोमन साम्राज्याच्या हातून गेला. पाचव्या शतकात डॅन्यूबकाठी राहिलेल्या संत सेवेरिनसच्या चरित्रात बटाविसची, म्हणजे आजच्या पासाऊची, हकीकत आहे. बाकीच्या तुकड्या विरून गेल्या तरी तिथली टिकून होती, तिचे काही जण शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले, वाटेतच मारले गेले, आणि नदीतून प्रेतं वाहत आली तेव्हा गावाला कळलं.

म्हणून फाटा धरायचा तर 468 चा. त्या वर्षी पूर्व रोमन सेनापती बॅसिलिस्कसचं प्रचंड आरमार आफ्रिका परत घ्यायला गेलं आणि व्हँडलांनी पेटती जहाजं सोडून त्याची वाट लावली. ते जिंकलं असतं तर पश्चिमेचं काय झालं असतं याचा अंदाज टिकून राहिलेल्या पूर्व रोमन साम्राज्याकडे बघून बांधता येतो. आजच्या इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटातल्या नेस्साना गावाच्या पपायरसांत, म्हणजे जुन्या कागदपत्रांत, सहाव्या शतकातले सैनिक लग्नाचे करार करतायत, कर्ज घेतायत, वारसाच्या वाटण्या करतायत, म्हणजे गावात पूर्ण मुरलेले आणि तरीही सैन्यात. सातव्या शतकात अरबांपुढे मागे हटलेलं सैन्य आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, स्थिरावलं आणि त्यातूनच थेमा नावाचे लष्करी प्रांत उभे राहिले. पैसा आला असता तर डॅन्यूबकाठीही असंच काहीतरी झालं असतं, स्थानिक, जमिनीला बांधलेलं पण सम्राटाचा हुकूम मानणारं सैन्य. पैसा नाही आला तर काय होतं तेही दिसतंच, हेड्रियनच्या भिंतीवरच्या बर्डोस्वाल्ड किल्ल्यात जुन्या धान्यकोठाराच्या जागी मोठं लाकडी सभागृह उभं राहिलं, तिथे किल्लेदाराचा बहुधा टोळीप्रमुख झाला.