सीमाभागातली तापखोकल्याची साथ मोजायची कशी?

कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाचं दुखणं जरा वाढलं की घरचे त्याला कोल्हापूरला नेतात. अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, आणि महामार्गावर गाड्यांची ये-जा सतत चालू. उलट चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असूनही तिथल्या माणसाला कोल्हापूर लांब पडतं, म्हणून तो बेळगाव गाठतो. खानापूरच्या रानपट्ट्यातले काही जण थेट गोव्यात बांबोळीला जातात. सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पण आजाराची नोंद होते ती दवाखान्यात, आणि दवाखाना या नाहीतर त्या राज्याच्या आरोग्य खात्याखाली येतो. त्यामुळे एकाच पट्ट्यात पसरलेली तापखोकल्याची साथ कर्नाटकच्या आकड्यांत थोडी दिसते आणि महाराष्ट्राच्या आकड्यांत थोडी. दोन्हीकडचा आकडा 'हे नेहमीचंच' म्हणण्याइतका लहान राहतो.

मुळात सर्दी-खोकल्यासारख्या साध्या गोष्टीची मोजदाद कशाला, असं कुणीही विचारेल. दहापैकी आठ-नऊ जण तर आठवड्याभरात आपोआप बरे होतात. प्रश्न उरलेल्यांचा असतो. गरोदर बाई, दमेकरी, साखरेचा रोगी, सत्तरीतले आजोबा, वर्षाच्या आतलं बाळ, यांच्या बाबतीत साधा फ्लू फुफ्फुसात उतरू शकतो. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. या आठवड्यात आपल्या भागात फ्लू फिरतोय हे डॉक्टरला ठाऊक असेल, तर तो अशा रुग्णासाठी तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसत नाही. आणि धडधाकट तरुणाला विषाणूवर काहीच न करणारी अँटिबायोटिकची गोळी उगाच लिहून देत नाही.

मोजायचं म्हटलं की पहिली अडचण येते ती कोणाला मोजायचं ही. निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत. पाला चाळताना, पोती भरताना उडणारी धूळ तिथे काम करणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात वर्षानुवर्षं जाते. घरी विड्या वळणाऱ्यांचंही तेच. त्यांच्यातल्या अनेकींचा खोकला बारमाही असतो. चिकोडी-अथणीकडे गळीत हंगामात उसाचा पाला पेटवतात, गुऱ्हाळं धुमसत असतात, आणि पहाटेच्या थंडीत तो धूर जमिनीलगत तसाच थांबतो. तेव्हाही सगळा गाव खोकतो. नुसता खोकला मोजला, तर धूळ, धूर, क्षय आणि विषाणू असं सगळं एकाच आकड्यात येईल.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली व्याख्या वापरतात. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि हे सगळं गेल्या १० दिवसांत सुरू झालेलं: याला फ्लूसदृश आजार म्हणायचं. याच लक्षणांनी दवाखान्यात भरती करण्याची वेळ आली तर ती 'सारी', म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार. व्याख्या अगदी साधी आहे, आणि तिची ताकदही त्यातच आहे. थर्मामीटर आणि दोन प्रश्न एवढ्यावर कणकुंबीच्या पावसातली परिचारिका आणि बेळगाव शहरातला तज्ज्ञ एकाच मापाने मोजू शकतात. वखारीतल्या बाईचा जुना खोकला या मापात बसत नाही. पण तिला खरोखर फ्लू झाला, तर ताप येतो आणि ती मोजली जाते.

ही मोजणी ज्यावर चालते तो एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला. त्याचे तीन फॉर्म असतात. उपकेंद्रातली आरोग्य सेविका लक्षणांवरून भरते तो 'एस', डॉक्टर तपासून भरतो तो 'पी', आणि प्रयोगशाळा भरते तो 'एल'. पूर्वी हे कागद दर आठवड्याला वर जायचे, आता माहिती संगणकावर भरतात. एस फॉर्मच्या जुन्या कागदावर खोकल्याचे दोन रकाने असत, तीन आठवड्यांच्या आतला आणि त्याहून जुना. जुना खोकला क्षयाच्या तपासणीकडे वळवायचा. एका रेघेने दोन आजार वेगळे करणारी ही आखणी मला फार शहाणपणाची वाटते.

लक्षणांवरून साथ आल्याचं कळतं, ती कशाची हे कळत नाही. त्यासाठी निवडक दवाखान्यांतून काही रुग्णांच्या घशातला-नाकातला स्वॅब घेतात. तो विशिष्ट द्रवाच्या नळीत, २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात, तीन वेष्टनांत बांधून आरटी-पीसीआर तपासणीला जातो. तिथे कळतं की हा फ्लूचा एच१एन१ आहे, एच३एन२ आहे, बी प्रकार आहे, करोना आहे, की लहान मुलांना हैराण करणारा आरएसव्ही. प्रत्येक खोकणाऱ्याची तपासणी परवडतही नाही आणि लागतही नाही. दर आठवड्याला त्याच ठिकाणाहून, त्याच पद्धतीने घेतलेले थोडे नमुने पुरतात. शंभरात किती पॉझिटिव्ह आले, ते प्रमाण कसं वर-खाली होतं, यावरून साथीचा चढ-उतार वाचता येतो. २०२३ च्या मार्चमध्ये हासन जिल्ह्यातल्या मृत्यूमुळे एच३एन२ हे नाव कर्नाटकात घरोघरी पोचलं. ते नाव कळलं ते अशाच तपासणीतून.

पण माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे नेहमीचा आकडा माहीत असण्यात. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाच्या ३१ व्या आठवड्यात गेली पाच वर्षं फ्लूसदृश आजाराचे १४, १८, ११, १६ आणि १६ रुग्ण आले. सरासरी झाली १५. या आकड्यांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, काढलं तर ते पावणेतीनच्या आत येतं. सरासरीत त्याची दुप्पट मिळवली की २० ची रेषा मिळते. यंदा त्याच आठवड्यात १७ रुग्ण आले तर काळजीचं कारण नाही, २४ आले तर फोन उचलायचा. पाच वर्षांची वही नसेल तर १७ आणि २४ यांतला फरक कोणाला सांगता येईल? करोनाची २०२० आणि २०२१ ही वर्षं या हिशोबातून सहसा वगळतात, कारण तेव्हा नेहमीचं असं काही उरलंच नव्हतं.

या वहीत शून्यालाही किंमत आहे. 'या आठवड्यात एकही रुग्ण नाही' असं लिहून पाठवणं आणि काहीच न पाठवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात गाव निरोगी आहे. दुसऱ्यात कदाचित सेविका रजेवर आहे, किंवा ओढ्याला पूर आल्यामुळे वाट बंद आहे.

१९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे फ्लूच्या महासाथीच्या वेळी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. तेव्हा विषाणूची तपासणी नव्हती, आणि गावोगावच्या नोंदीत बहुतेक मृत्यू नुसते 'ताप' या सदरात गेले. मग भारतात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली हे कळलं कसं? अधिकाऱ्यांनी आधीच्या वर्षांतले त्याच काळातले मृत्यू पाहिले आणि ते त्या वर्षाच्या आकड्यातून वजा केले. उरलेली वाढ साथीच्या नावावर मांडली. गावपातळीवर कुणीतरी साध्या वर्षांतही नोंद ठेवत होतं, म्हणून त्या वर्षाचा हिशोब लागला.

अलीकडे यासाठी आडवाटही शोधली गेली. लोक इंटरनेटवर तापाविषयी काय शोधतात, त्यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा गूगलने २००८ मध्ये सुरू केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज अमेरिकेत दवाखान्यांच्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. बातम्या वाचून घाबरलेला माणूसही तेच शब्द शोधत होता. शाळेतली गैरहजेरी, औषधाच्या दुकानातला पॅरासिटामॉलचा खप या खुणा उपयोगी आहेत, पण दवाखान्याच्या नोंदीला जोड म्हणून.

आपल्याकडचा हंगाम थंड देशांसारखा नाही. भारताच्या बऱ्याच भागांत फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. त्यातून एकट्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीची मुसळधार आणि अथणीचा दुष्काळी माळ दोन्ही आहेत. म्हणून जिल्ह्याचा एक सरासरी आलेख मला अपुरा वाटतो. तो तालुकावार हवा, आणि कागल, गडहिंग्लज, चंदगडचे आकडे शेजारी ठेवून वाचायला हवा. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनाला कोल्हापूरकडून हजारो माणसं येतात, मुक्काम करतात, परत जातात. फ्लूची लागण झाल्यापासून साधारण १ ते ४ दिवसांत लक्षणं दिसतात. यात्रेत लागलेला ताप म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यात उमटणार. पावसाळ्यातल्या साथीआधी, एप्रिल-मेमध्ये जोखमीच्या लोकांना लस द्यायची की नाही, किती मागवायची, हेही अशा जोडआलेखावरूनच ठरवता येईल.

दोन राज्यांचे आकडे जोडायला मोठी यंत्रणा लागत नाही. रुग्णाच्या नोंदीत दवाखान्याच्या नावासोबत त्याचं राहतं गाव आणि तालुका नीट लिहिला, तर आकडे गावाप्रमाणे पुन्हा लावता येतात. संगणकीय नोंदीत पत्त्याची जागा आहेच. घाईच्या ओपीडीत ती अर्धवट भरली जाते, आणि सीमाभागातला मोठा वर्ग ज्यांच्याकडे जातो त्या खाजगी डॉक्टरांपैकी बऱ्याच जणांची नोंद तर पोचतच नाही. दोन्ही बाजूंच्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा शेजारच्या तालुक्यांचे आकडे एकमेकांना पाठवले, तरी बरंच काम होईल.

रुग्णाकडूनही एक मदत हवी असते. केसपेपर काढताना गावाचं नाव आणि ताप नेमका कोणत्या दिवशी आला ते सांगा. बहुतेक लोक अंगावर काढून तीन-चार दिवसांनी येतात. रविवारी बरेच दवाखाने बंद, म्हणून सोमवारी गर्दी. नुसती भेटीची तारीख लिहिली तर दर सोमवारी साथ उसळल्यासारखी दिसते. ताप आल्याची तारीख लिहिली की हा सोमवारचा खोटा चढ गायब होतो, आणि साथ कोणत्या गावातून कोणत्या गावाकडे सरकली ते क्रमाने मांडता येतं.