जपानी शाळेतला परदेशी शिक्षक: पगार कुणाचा, सूचना कुणाच्या?

जपानच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी माणसाचा दिवस बाहेरून पाहिला तर सगळीकडे सारखाच दिसतो. दारात बूट काढून शाळेतले बूट चढवायचे, शिक्षकांच्या खोलीत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असे ‘ओहायो गोझाइमास’ म्हणायचे, सकाळच्या बैठकीला उभे राहायचे, दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवायचे आणि मुले फरशी पुसायला लागली की आपणही फडके हाती घ्यायचे. पण शेजारशेजारच्या दोन गावांत हेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला ऑगस्टचा पूर्ण पगार मिळतो, दुसऱ्याच्या हाती त्यातला काही भागच पडतो. एक जण वर्गशिक्षकाशी पुढच्या धड्याबद्दल मोकळेपणी बोलतो. दुसऱ्याला वर्गशिक्षकाने ‘हे असे करा’ म्हणणेसुद्धा कायद्यात बसत नाही. ही दरी गेल्या ४० वर्षांत एकेका निर्णयाने तयार झाली आहे.

मेइजी काळ, म्हणजे जपानच्या आधुनिकीकरणाची सुरुवात, मी थोडक्यात आटोपतो. १८६८ नंतर नव्या सरकारने परदेशी तज्ज्ञ आणि शिक्षक करारावर बोलावले आणि त्यांना घसघशीत पगार दिले. ओसाकाच्या टाकसाळीच्या ब्रिटिश प्रमुखाला महिना १,०४५ येन मिळत, तेव्हा सरकारातल्या सर्वोच्च पदाचा पगार ८०० येन होता. साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात १८७६ मध्ये आलेला अमेरिकन प्राध्यापक जेमतेम आठ महिने राहिला, तरी त्याचे नाव तिथे आजही आदराने घेतले जाते. त्यांच्याकडून शिकायचे, आपली माणसे तयार करायची आणि पाहुण्यांना निरोप द्यायचा, असा सरळ हिशोब होता. परदेशी शिक्षक हा मुदतीचा माणूस, ही समजूत तेव्हापासूनची आहे.

आजची व्यवस्था सुरू होते ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. १९७७ मध्ये अमेरिकेतून आणि १९७८ मध्ये ब्रिटनमधून तरुण पदवीधर आणण्याच्या दोन छोट्या योजना निघाल्या. १९८७ मध्ये त्या एकत्र करून सरकारी जेट (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) कार्यक्रम उभा राहिला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. काळ लक्षात घ्यायला हवा. १९८५ नंतर येन वधारला होता, अमेरिकेशी व्यापारावरून खटके उडत होते आणि जपान फक्त विकतो, उघडत काहीच नाही, अशी टीका रोजची झाली होती. त्यामुळे या कार्यक्रमामागे शिक्षण मंत्रालय एकटे नव्हते. परराष्ट्र खाते होते आणि स्थानिक कारभार पाहणारे मंत्रालयही होते. खर्चाची जबाबदारी या तिसऱ्या मंत्रालयाने उचलली. केंद्राकडून पालिकांना मिळणाऱ्या कर-अनुदानात या शिक्षकांचा खर्च धरला गेला. इंग्रजी सुधारण्याइतकाच गावागावांत परदेशी चेहरा पोहोचवण्याचा हेतू त्यामागे होता. म्हणूनच तर शिकवण्याचा परवाना किंवा अनुभव मागितला गेला नाही, पदवी पुरेशी ठरली.

सुरुवातीच्या काळात अनेक शिक्षकांना ठरलेली शाळा नसे. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, एका वर्गाला वर्षातून एकदाच भेट, असा फिरता संसार असे. मुलांची नावे कळण्याआधीच निघायची वेळ होई. पण करार मात्र पक्का होता. शिक्षक थेट शिक्षण मंडळाचा नोकर असे, कर वजा जाता वर्षाला ३६ लाख येन हातात पडत आणि विमान भाडे, घर, विमा यांची व्यवस्था लावलेली असे. नवीन माणूस आला की मंडळातला एखादा कारकून त्याला बँकेत, गॅस कंपनीत घेऊन जाई आणि घराच्या करारावर जामीनदाराची सोय करी. जपानमध्ये भाड्याचे घर घेताना पुष्कळदा जामीनदार, अनामत रक्कम आणि वर घरमालकाला परत न मिळणारी भेट द्यावी लागते. या तिन्हींतून सुटका म्हणजे पहिल्या महिन्यातला केवढा आधार, हे ज्याने भोगले त्यालाच कळते.

२००२ मध्ये जेटची संख्या ६,२७३ वर गेली. हा तिचा कळस. त्यानंतर दहाएक वर्षे ती उतरत गेली, आणि विशेष म्हणजे शाळांची गरज वाढत असताना उतरली. २००२ पासून प्राथमिक शाळांत इंग्रजीची ओळख करून देण्याची मुभा मिळाली होती. २०११ पासून पाचवी-सहावीला वर्षाला ३५ तास परदेशी भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० मध्ये ते तिसरी-चौथीवर आले, आणि पाचवी-सहावीला ७० तासांचा गुणांचा विषय झाला. प्राथमिकचे शिक्षक सगळे विषय शिकवतात आणि इंग्रजी बोलायला त्यांतल्या बहुतेकांना संकोच वाटतो. साहजिकच प्रत्येक पालिकेला परदेशी सहायक, म्हणजे जपानी शिक्षकासोबत तास घेणारा मदतनीस, हवा होता.

तेव्हाच पालिकांच्या तिजोऱ्या आक्रसल्या. १९९९ ते २०१० या काळात विलीनीकरणाची लाट आली आणि पालिकांची संख्या ३,२०० च्या पुढून सुमारे १,७०० वर आली. २००४ पासूनच्या वित्त सुधारणांत कर-अनुदानाला कात्री लागली. मंडळातली माणसे कमी झाली, आणि नवख्या परदेशी माणसाला डॉक्टरकडे नेणारा तो कारकूनही राहिला नाही. खासगी कंपन्या याच दारातून आत आल्या. माणूस आम्ही आणू, घर आम्ही बघू, आजारी पडला तर बदली पाठवू, तुम्ही वर्षाची एक रक्कम द्या. निविदा निघत, आणि सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम जाई. कमी बोलीचा भार कुणाच्या खिशावर पडणार, हे निविदा उघडतानाच ठरलेले असे.

आता कळीच्या वादाकडे वळतो, कारण शिक्षकाच्या रोजच्या जगण्याचा गुंता इथेच आहे. कंपनीमार्फत माणूस घेण्याचे जपानी कायद्यात दोन मार्ग आहेत. पहिला हाकेन, म्हणजे माणूस कंपनीचा, पण कामाच्या सूचना शाळा देऊ शकते. दुसरा ग्योमु इताकु, म्हणजे कामाचेच कंत्राट. यात ‘इतके इंग्रजीचे तास घेऊन द्या’ एवढेच विकत घेतले जाते. ते कसे घ्यायचे हे कंपनी ठरवते आणि शाळेने त्या माणसाला थेट सूचना द्यायची नसते. दिली तर ते ‘छुपे कंत्राट’, म्हणजे कंत्राटाच्या नावाखाली चालवलेले हाकेन, ठरते आणि श्रम खाते हरकत घेते.

कारखान्यात हे विभाजन चालेल, शाळेत ते कसे चालावे? हे सहायक परवानाधारक नसतात. त्यामुळे वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची असते आणि दोघांनी मिळून तास घ्यावा, हीच मूळ कल्पना आहे. कंत्राटी पद्धतीत ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला बोलायची मुभा नाही, आणि ज्याच्याशी बोलायला हवे तो दोन हातांवर उभा आहे. मुले मागे पडली म्हणून जरा सावकाश बोला, हा खेळ पुढच्या आठवड्यात ठेवा, इतके साधे सांगायचे तरी ते कंपनीच्या समन्वयकामार्फत जायला हवे. काटेकोर शाळांमध्ये धड्याचा आराखडा आधी कागदावर कंपनीकडे जाई, तिथून सहायकाकडे येई आणि तासाला जपानी शिक्षक वर्गाच्या मागच्या बाजूला उभे राहत. बहुतेक शाळांत अर्थातच लोक बोलत, कारण शाळा तशीच चालते. म्हणजे चांगला तास घेणारे दोघे नियम मोडत होते आणि नियम पाळणारे तास वाया घालवत होते.

पालिका मग हाकेनच का घेत नव्हत्या? २०१५ पर्यंतच्या कायद्यात एका कामावर हाकेनची माणसे जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येत. त्यानंतरही काम चालू ठेवायचे तर थेट नोकरी देऊ करावी लागे. मध्ये तीन महिन्यांहून अधिक खंड पडला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. काही पालिकांनी यातून वाट काढली: तीन वर्षे हाकेन, मग काही काळ कंत्राट, मग पुन्हा हाकेन. शाळा तीच, वर्ग तोच, माणूसही पुष्कळदा तोच. फक्त एप्रिल उजाडला की त्याच्याशी बोलणे कायदेशीर किंवा बेकायदेशीर होई. कायद्याचा हेतू कामगाराला थेट नोकरी मिळावी हा होता. त्याच कायद्याच्या कलमांनी ती टाळली गेली, आणि टाळणारी संस्था सरकारी होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच.

२००९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पत्रक काढून कंत्राटी पद्धतीतले धोके सांगितले आणि शक्यतो थेट नेमणूक किंवा हाकेनकडे वळण्याचा सल्ला दिला. सल्लाच होता, बंदी नव्हती. २०१० मध्ये चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात श्रम खात्याने हरकत घेतली आणि नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर तिथल्या शाळांतले सहायकांचे तास थांबवावे लागले. ऐन एप्रिलमध्ये मुलांना आपले सर कुठे गेले हे कळेना. २०१४ मध्ये थोडी ढील देणारे स्पष्टीकरण आले: दोघांनी वर्गापुढे संवाद म्हणून दाखवला, एवढ्यावरून ते छुपे कंत्राट ठरत नाही. २०१५ मध्ये हाकेनचा कायदाच बदलला. मुदत आता व्यक्तीमागे मोजली जाऊ लागली आणि कामाच्या ठिकाणची मर्यादा वाढवून घेणे सोपे झाले, तेव्हा पालिकांची कोलांटउडी थांबली. प्रश्न सुटला तो शाळा आणि कंपनी यांच्यापुरता. शिक्षकाचा पगार होता तिथेच राहिला.

पगाराचा हिशोब जवळून पाहण्यासारखा आहे. अनेक कंपन्यांच्या करारांत आठवड्याचे काम २९.५ तास लिहिलेले असे, म्हणजे दिवसाला ५ तास ५४ मिनिटे. माणूस सकाळी सव्वाआठला शाळेत येई आणि दुपारी चारला निघे, पण जेवणाची वेळ आणि दोन तासांमधली दहा-दहा मिनिटे कामात धरली जात नसत. त्याच दहा मिनिटांत पोरे त्याला घेरून प्रश्न विचारत असत. आकडा २९.५ का, तर ३० तासांच्या आसपास आरोग्य आणि निवृत्तिवेतनाचा विमा लागू होई आणि त्यातला निम्मा वाटा मालकाला भरावा लागे. २०१६ मध्ये ५०० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांसाठी ही रेषा २० तासांवर आली, २०२२ मध्ये १०० हून अधिक आणि २०२४ मध्ये ५० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्या तिच्या कक्षेत आल्या. विमा मिळाला, पण ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचा कापलेला पगार अनेक करारांत अजून तसाच आहे: सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. घरभाड्याला मात्र सुट्टी नसते.

नोकरी आणि घर एकाच कंपनीच्या हाती असण्यातला धोका २००७ मध्ये दिसला होता. देशातली सर्वांत मोठी इंग्रजी संभाषण वर्गांची साखळी त्या ऑक्टोबरमध्ये बुडाली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. पगारातून भाडे कापले जात होते, पण घरमालकांपर्यंत ते पोहोचत नव्हते, आणि कित्येकांच्या हाती घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. कामगार संघटनेने जेवणाच्या बदल्यात धडे देण्याची मोहीम चालवली. शिक्षकांचे हाल पाहून जुने विद्यार्थी मदतीला आले, हेही नमूद करायला हवे.

मराठी वाचकाला इथे एक अट माहीत असावी. शाळेतल्या सहायकाला ‘शिक्षण’ या प्रकारचा निवासी व्हिसा लागतो, आणि परवान्याशिवाय परदेशी भाषा शिकवायची तर त्याच भाषेतून १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि त्यांतले कित्येक उत्तम इंग्रजी बोलतात. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला उमेदवार कितीही चांगला असला तरी इथे अडतो. इंग्रजी माध्यमातून बारावी झालेल्याला वाट खुली आहे. जेटमध्ये भारतही सहभागी आहे, संख्या मात्र तुरळक. माध्यमावरून माणसाची भाषा मोजण्याची ही रीत मला पटत नाही.

आणखी एक वरची मर्यादा आहे. १९९१ पासून परवानाधारक परदेशी नागरिकाला सरकारी शाळेत कायम नोकरी मिळू शकते, पण हुद्दा ‘पूर्णवेळ व्याख्याता’ असा असतो, शिक्षक असा नाही, आणि मुख्याध्यापकपदाची वाट बंद राहते. उलट काही बाबतींत जगणे सुकर झाले. जुलै २०१२ मध्ये परदेशी नोंदणीची जुनी पद्धत जाऊन निवासी कार्ड आले आणि परदेशी माणसाचे नाव जपानी कुटुंबांप्रमाणेच पालिकेच्या रहिवासी नोंदवहीत लिहिले जाऊ लागले. त्याआधी जपानी जोडीदाराच्या कुटुंबाच्या दाखल्यात परदेशी नवरा किंवा बायको सदस्य म्हणून दिसतच नसे.

अलीकडचा मोठा बदल एप्रिल २०२० चा. पालिकांनी थेट नेमलेले बहुतेक सहायक आता ‘आर्थिक वर्षापुरते नेमलेले कर्मचारी’ या नव्या वर्गात मोडतात. बोनससारखा भत्ता मिळू लागला, ही जमेची बाजू. पण आधीच्या वर्गात त्यांना कामगार संघटना कायद्याचे पूर्ण संरक्षण होते, संपाचा आणि श्रम आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क होता. नव्या वर्गात ते सामान्य सरकारी नोकर धरले जातात आणि ते हक्क गेले. खासगी नोकरीत पाच वर्षे सलग मुदती करारावर काढली की बेमुदत करार मागता येतो. हा नियम २०१३ पासून लागू आहे, पण सरकारी नोकरांना तो लागू नाही. म्हणजे कंपनीमार्फत आलेल्याला निदान कागदावर तो हक्क आहे आणि १५ वर्षे त्याच गावात थेट शिकवणाऱ्याला नाही. नव्या पद्धतीत फेरनेमणूक साधारण दोनदा, मग पुन्हा जाहिरात आणि पुन्हा मुलाखत, असा प्रघात पडला होता. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचनांतून ही ‘दोनदा’ची मर्यादा काढून टाकली. ती पाळायची की सोडायची हे आता प्रत्येक पालिकेने आपापले ठरवायचे आहे.