‘नर्सिंग होम’ नावाचा घोळ

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते नाक्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी हॉस्पिटल, बहुधा बाळंतपणाचं. म्हातारपण काढायची जागा म्हणजे वृद्धाश्रम. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा तोटा कुणाच्या लक्षात येत नाही.

मुंबई प्रांताने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. त्यातली व्याख्या आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा, अशी आहे, प्रसूतिगृहही तिच्यातच. इंग्लंडच्या १९२७च्या कायद्यातही हेच तीन शब्द होते. तिकडे त्या नावाखाली पुढे मुख्यतः म्हाताऱ्यांची देखभाल आली. इकडे बाळंतपणं आणि ऑपरेशनं आली, आणि ‘दुर्बलता’ कागदावरच राहिली. माझ्या मते सगळा गुंता या एका शब्दाचा आहे.

वृद्धाश्रम आरोग्याच्या वाटेने आलेच नाहीत, ते दानधर्मातून आले. पुण्यात १८६०च्या दशकात एका बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून निराधार आणि पंगू लोकांसाठी आसरा उभा राहिला. राज्याची अनुदान योजना १९६३ची. तिच्यात पुरुषाला ६० आणि बाईला ५५ वर्षांची अट. १९९५मध्ये मातोश्री वृद्धाश्रम आले (नाव कुठून आलं ते सांगायला नको). हे सगळं समाजकल्याणाच्या फायलीत. निवारा, जेवण, कपडे यांची सोय झाली, पण रात्रपाळीची नर्स कुणाच्या हिशेबात नव्हती.

म्हणून प्रवेश अर्जावर अजूनही ती ओळ सापडते: ‘स्वतःची कामे स्वतः करता येणे आवश्यक.’ आजी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडतं, आणि आठ वर्षं जिथे राहिली तिथूनच नातेवाइकांना फोन जातो, ‘घेऊन जा.’ आता तिला दर दोन तासांनी कूस बदलून हवी, पाठीला हवेची गादी हवी, डायपर बदलायला दोन मावश्या हव्यात. त्यातलं काही चुकलं की माकडहाडावर आधी लाल चट्टा उठतो, मग जखम होते.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० गरीब ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम सांगितला. पण ‘राज्य सरकार स्थापन करू शकेल’ या भाषेत. त्या ‘शकेल’वर वकील अजून भांडतात. त्याच कलमात दर्जा ठरवण्याची तरतूद आहे, वैद्यकीय सेवा आणि करमणुकीच्या साधनांसकट. करमणूक म्हणजे बहुतेक ठिकाणी हॉलमधला टीव्ही. त्याचा रिमोट कुणाकडे, यावरून रोज कुरबुर.

ज्येष्ठांच्या देखभालगृहांना सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा लावणारं याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. दुसऱ्याच वर्षी करोनाने अनेक आश्रमांची दारं भेटायला येणाऱ्यांसाठी बंद केली. या प्रश्नाची निकड एवढी उघड झाल्यावरही विधेयक पडूनच राहिलं आणि २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं.

मधल्या काळात भाड्याच्या बंगल्यांवर ‘केअर सेंटर’, ‘शुश्रूषा केंद्र’ अशा पाट्या लागल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेतात ते हेच. नोंदणी विचारली तर कुणी न्यासाची दाखवतं, कुणी दुकानाची.