तुम्हीच निवडून दिलं ना? कर्जमाफीच्या रागामागची पार्श्वभूमी

२०२४ च्या २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि महायुतीच्या २८८ पैकी २३० जागा आल्या, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. विरोधी पक्षनेतेपदावर हक्क सांगता येईल एवढे आमदारसुद्धा समोर एकाही पक्षाकडे उरले नाहीत. आणि वर्ष होत आलं, २०२५ संपायला आलं, तर आमच्या वाशीमकडे, यवतमाळला, खाली हिंगोली-लातूरपर्यंत, ज्या लोकांनी हे बटण दाबलं तेच लोक न झालेल्या कर्जमाफीवरून चिडले. पुण्या-मुंबईतले नातेवाईक फोनवर म्हणतात, अरे तुम्हीच निवडून दिलं ना, मग आता ओरडता कशाला? मत मी पण यांनाच दिलंय आणि विचार करून दिलंय, त्यामुळे या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं असं वाटतं. पण त्यासाठी वीस वर्षं मागे जावं लागेल.

आधी पीक कर्ज चालतं कसं ते सांगतो, कारण ते माहीत नसेल तर बाकी सगळं फुकटची मागणी वाटते. जिल्हा बँक गावच्या सोसायटीमार्फत खरिपाला कर्ज देते, आपण ते ३१ मार्चच्या आत भरायचं. वेळेत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं कर्ज शून्य टक्क्याने पडतं, खरंच चांगली सोय आहे. एक दिवस जरी चुकला तरी सवलत गेली, आणि थकबाकीत गेलात की जूनमध्ये नवीन कर्ज नाही. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावात जी धावपळ असते ती बघण्यासारखी असते. कोणी मेव्हण्याकडून आणतो, कोणी आठ-दहा दिवसांसाठी शेकड्याला दोन-तीन रुपयांनी उचलतो, कोणी बायकोची पोत गहाण टाकतो, सोसायटीत भरतो आणि एप्रिलमध्ये नवीन कर्ज उचलून ज्याचे त्याचे परत करतो. याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. कागदावर शेतकरी नियमित कर्जदार दिसतो, खिशात मात्र पेरणीपुरते पैसे सुद्धा उरत नाहीत.

आता या चक्रात कोणी मोठ्या माणसाने स्टेजवरून सांगितलं की निवडून द्या, सातबारा कोरा करतो, तर काय होतं? आजवरच्या मोठ्या कर्जमाफ्या थकबाकी धरूनच झाल्या आहेत. जो भरतो तो बाहेर राहतो. त्याला फार तर नंतर प्रोत्साहन म्हणून काहीतरी मिळतं. म्हणजे ऐकलं आणि भरलं नाही तर व्याज चढतं, नवीन कर्ज बंद, सिबिल खराब, मग कृषी केंद्रवाल्याची उधारी आणि सावकार. ऐकलं नाही आणि भरलं, तर उद्या माफी झाल्यावर तोंडात मारल्यासारखं. आश्वासन दिल्याच्या दिवसापासून शेतकऱ्याचं मीटर चालू होतं, आणि सरकार जेवढे महिने लावेल तेवढे त्याच्या खात्यावर चढतात. माझ्या मते रागाचं मूळ या महिन्यांमध्ये आहे.

आणि मतं घेताना एक आणि परत निवडून आल्यावर दुसरं, हे महाराष्ट्रात नवीन पण नाही. २००४ आठवा. निवडणुकीच्या तोंडावर बाळासाहेब ठाकरेंनी शेतकऱ्यांना मोफत विजेचं वचन दिलं होतं, तिकडे आंध्रात काँग्रेसचे वाय. एस. राजशेखर रेड्डी मोफत विजेवर निवडून आले होते, तर सुशीलकुमार शिंदेंच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने सत्तेत असतानाच मोफत वीज जाहीर करून टाकली, शून्य रकमेची बिलं आली. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, आघाडी परत आली, मुख्यमंत्री मात्र विलासराव देशमुख झाले आणि पुढच्याच वर्षी तिजोरीवर भार पडतोय म्हणून मोफत वीज बंद. लोकांनी जे बघून मत दिलं ते वर्षभर सुद्धा टिकलं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसं अजून हे सांगतात, आणि सांगताना पक्षाचं नाव महत्त्वाचं नसतं त्यांच्या लेखी.

त्यानंतर विदर्भातल्या आत्महत्यांमुळे २००६ च्या जून-जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. मग फेब्रुवारी २००८ च्या बजेटमध्ये केंद्रीय अर्थमंत्री चिदंबरम यांनी देशभरासाठी कर्जमाफी आणली, सुरुवातीला आकडा ६० हजार कोटींचा होता, तो नंतर ७१ हजार कोटींच्या वर गेला. ऐकायला केवढी मोठी, पण त्यात पाच एकरांची अट होती. पाच एकरांच्या आत असाल तर पूर्ण माफ, वर असाल तर आधी ७५ टक्के भरा मग २५ टक्के सूट. आता ज्याच्याकडे पाच एकर बागायत ऊस आहे तो त्यात बसला आणि ज्याच्याकडे आठ एकर कोरडवाहू बरड आहे, ज्यात पाऊस दगा देतो तेव्हा लावलेला खर्च पण निघत नाही, तो मोठा शेतकरी ठरला! ज्या विदर्भाच्या नावाने देशभर चर्चा झाली त्याच विदर्भातले कितीतरी लोक बाहेर राहिले. इथे ही पहिली गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली, की घोषणा ऐकायची नाही, अटी वाचायच्या.

२०१४ चा मार्च, यवतमाळ जिल्ह्यातलं आर्णी तालुक्यातलं दाभडी गाव. नरेंद्र मोदींनी इथे शेतकऱ्यांशी चाय पे चर्चा केली होती, खर्च अधिक पन्नास टक्के नफा असा भाव देण्याचा विषय तिथे झाला. केंद्राने शेतकऱ्यांसाठी नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाने हीच शिफारस २००६ मध्ये करून ठेवली होती. लोकांना वाटलं आता भावाचाच प्रश्न सुटणार, मग कर्जमाफी कशाला पाहिजे. दीडपट हमीभावाची घोषणा २०१८ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री जेटलींनी केली, पण खर्च कुठला धरला? बियाणं-खत-मजुरी आणि घरच्यांची मजुरी एवढाच, स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात धरलेलं नाही. आणि हमीभाव कागदावर असला तरी सरकारी खरेदी किती मालाची होते हा प्रश्न वेगळाच.

दरम्यान राज्यात २०१७ येतं, आणि आत्ताचा राग समजून घ्यायचा तर हे वर्ष सगळ्यात महत्त्वाचं आहे. देवेंद्र फडणवीस तेव्हा पहिल्यांदा मुख्यमंत्री, आणि कर्जमाफीने बँकांचा फायदा होतो, त्यापेक्षा शेतीत गुंतवणूक करू अशी सरकारची भूमिका होती. भूमिका म्हणून ती मला तेव्हाही पटण्यासारखी वाटत होती, कारण तोच पैसा विहिरी, वीज, गोदामं यात गेला असता तर काही वर्षांनी परत माफी मागायची पाळी आली नसती. मार्चमध्ये कर्जमाफीवरून विधानसभेत गोंधळ घालणारे विरोधकांचे १९ आमदार निलंबित झाले. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात योगी सरकारने कर्जमाफी केली आणि इथला सूर बदलायला लागला. मग १ जूनला पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकरी संप, रस्त्यावर ओतलेलं दूध, आणि २४ जूनला ३४,०२२ कोटींची घोषणा, दीड लाखापर्यंत माफी, नाव छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना.

घोषणा जूनमध्ये झाली आणि पुढचे कित्येक महिने लोक ऑनलाईन फॉर्म भरत बसले. नवरा-बायको दोघांनी सेंटरवर जायचं, आधार, अंगठा, सर्व्हर डाऊन, रात्री परत या. खुरपणीच्या दिवसांत माणसं वावर सोडून रांगेत. कित्येकांचे अंगठे कामाने घासून गेलेले, मशीन ठसा घेईना, पोरगं वडिलांचा अंगठा ओल्या कपड्याने पुसून परत परत ठेवतंय हे मी आमच्या तालुक्याच्या सेंटरवर बघितलंय. दीड लाखाच्या वर असलेल्यांना वरची रक्कम आधी भरायला सांगितली, आता थकबाकीदाराकडे ती असती तर तो थकला कशाला असता? पात्र असून राहून गेलेल्यांची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली, काही हायकोर्टात गेली.

२०१९ मध्ये मतदारांनी भाजप-शिवसेना युतीला बहुमत दिलं, पण सरकार टिकणं सोडा, बनलंच नाही. पुढचा राजकीय तमाशा सगळ्यांना तोंडपाठ आहे. महाविकास आघाडीचं सरकार आलं आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. खरं सांगायचं तर ही बरी राबवली गेली, फॉर्मची भानगड नव्हती, आधार पटवलं की काम झालं. पण दोन लाखांच्या वरच्यांचं काय आणि नियमित भरणाऱ्यांच्या ५० हजारांचं काय, हे करोनात लटकलं. ते ५० हजार द्यायला २०२२ मध्ये शिंदे सरकार यावं लागलं. म्हणजे वचन एका सरकारचं, पैसे दुसऱ्याच्या काळात, मध्ये तीन हंगाम गेले.

आता २०२४. लोकसभेला महायुती ४८ पैकी १७ वर आली, कांदा निर्यातबंदीने नाशिक पट्टा गेला आणि सोयाबीन-कापसाच्या भावाने आमचा. सोयाबीनचा २०२१ मध्ये दहा हजारांच्या आसपासचा भाव बघितलेला माणूस तीन वर्षांनी चार हजारांत विकत होता, हमीभाव ४,८९२ असताना. झटका बसल्यावर सरकार हललं. जूनच्या बजेटमध्ये लाडकी बहीण आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५ हजार. ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुतीची दहा वचनं आली, त्यात शेतकरी कर्जमाफी, लाडक्या बहिणीला २,१०० आणि हमीभावावर २० टक्के अनुदान. भाजपने सोयाबीनला ६ हजारांची भाषा केली. मतदानाच्या आठवड्यात केंद्राने सोयाबीनच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. ऑगस्टपासून बायकांच्या खात्यावर पैसे प्रत्यक्ष पडत होते, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला की हे बोलतात ते करतात. आमच्या घरात मत देताना बोलणं हेच झालं होतं. कोणी फसवून मत घेतलं नाही, आधीचं काम बघून पुढच्या शब्दावर दिलं.

निकालानंतर काय झालं ते क्रमाने बघा. डिसेंबर-जानेवारीत सोयाबीन खरेदी केंद्रांवर बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, संपला. ट्रॅक्टर भरून आणलेला माल केंद्राच्या गेटवर दोन-दोन रात्री उभा, वर ताडपत्री, खाली माणूस झोपलेला, आणि ज्याला घरी लग्न किंवा दवाखाना आहे तो वैतागून तिथूनच व्यापाऱ्याकडे वळतो आणि चार हजारात देऊन येतो. मुदत वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२५ ला खरेदी बंद झाली तेव्हा कितीतरी नोंदणी केलेले शिल्लक होते. मार्चच्या बजेटमध्ये कर्जमाफी नाही, २,१०० नाहीत, लाडक्या बहिणीची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर. आणि २८ मार्चला तेव्हा अर्थखातं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी बारामतीत सांगितलं की ३१ तारखेच्या आत पीक कर्ज भरा, यंदा माफी शक्य नाही.

तीन दिवस! नवं-जुनं करायला लोक महिनाभर आधी जुळवाजुळव करतात. निवडणुकीपासून लोक थांबले होते ते कोणाच्या शब्दावर? हेच डिसेंबरमध्ये सांगितलं असतं, की तिजोरीत पैसे नाहीत, दोन वर्षं लागतील, तुम्ही तुमचं भरत राहा, तर लोक चिडले असते पण मार्चमध्ये बुडाले नसते. आमच्याच सोसायटीत त्या तीन दिवसांत ज्यांना जमलं नाही ते थकीत झाले आणि जूनमध्ये त्यांना बियाणं उधारीवर घ्यावं लागलं. सरकार दरवर्षी बँकांना बजावतं की पीक कर्जाला सिबिल विचारू नका, तरी विचारतात. त्यातच तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले की कर्जमाफीच्या पैशातून तुम्ही साखरपुडे-लग्नं करता. पुढे जुलैमध्ये सभागृहात मोबाईलवर रमीचा व्हिडिओ आला आणि त्यांचं खातं बदललं. एक रुपयातला पीक विमा २०२३ ला आणला होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद. आणि वरून सप्टेंबरचा पाऊस, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जमिनी खरवडून गेल्या. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, वसुलीला स्थगिती पण मिळाली, कर्जमाफी त्यात नव्हती.

प्रहार पक्षाचे माजी आमदार बच्चू कडू कर्जमाफीसाठी जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते, तेव्हा समितीचं आश्वासन मिळालं. २८ ऑक्टोबरला ट्रॅक्टर घेऊन लोक नागपूरच्या हायवेवर बसले, हायकोर्टाने रस्ता मोकळा करायला सांगितलं, ३० तारखेला मुंबईत मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली आणि शेवटी तारीख मिळाली. सरकारने नेमलेली प्रवीण परदेशींची समिती एप्रिलपर्यंत अहवाल देणार आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय होणार, असं ठरलं. वर्षभरात पहिल्यांदा कॅलेंडरवरची तारीख मिळाली, हे आंदोलनाचं यश आहेच, ते मानलं पाहिजे.

पण थकबाकी कुठल्या तारखेपर्यंतची धरणार हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी २८ मार्चचं बोलणं ऐकून उसनवारी करून भरलं, ते नियमित धरले जाणार की त्यांना काहीच नाही? पाच एकरांसारखी अट परत येणार का? २०२६ च्या मार्चमध्ये भरायचं की थांबायचं? हे प्रश्न तसेच राहिले. निर्णय जूनमध्ये ठेवला आणि पीक कर्जाची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे मधले तीन महिने परत शेतकऱ्याच्याच खात्यावर. समितीला सगळा हिशोब करायला एप्रिल लागणार होता तर लागू दे, पण कट-ऑफ तारीख आणि मार्चमध्ये भरणाऱ्यांचं काय करणार या दोन गोष्टी डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनातच जाहीर करता येण्यासारख्या होत्या, त्याला तेव्हा एक रुपया सुद्धा लागत नव्हता.