हीट पंप बदलला, तर बिल किती उतरेल?

हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता तो उपसून घरात आणतो आणि वीज लागते ती या उपशासाठी. म्हणूनच एक युनिट विजेत तो तीन-चार युनिट उष्णता देऊ शकतो. या प्रमाणाला कार्यक्षमता गुणांक म्हणतात. साध्या विजेच्या हीटरचा गुणांक १ असतो, मग तो कितीही महागडा घ्या.

जुन्या पंपाच्या जागी नवा बसवताना बचतीचा अंदाज बांधायचा, तर आधी घराला लागणारी उष्णता काढावी. समजा, हिवाळ्यात ६,००० युनिट वीज खर्च झाली आणि पंप बंद असतानाच्या बिलांवरून तेवढ्याच काळाचा इतर वापर १,२०० युनिट निघाला. उरलेली ४,८०० युनिट पंपाची. जुन्याचा गुणांक २.५ असेल, तर घराला १२,००० युनिट उष्णता मिळाली. नव्याच्या माहितीपत्रकात गुणांक ४ दिला असेल, तर त्याच उष्णतेला ३,००० युनिट वीज पुरेल, म्हणजे १,८०० युनिट वाचतील.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. माहितीपत्रकातला गुणांक ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. थंडीत मात्र बाहेरच्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर चढतो. तो वितळवण्यासाठी पंप काही मिनिटे उलटा चालतो, घरातलीच उष्णता बाहेर नेतो आणि जाळीतून वाफेचे लोट निघतात. (पाहणाऱ्याला यंत्र जळाले असे वाटते, पण ते बिघडलेले नसते.) ती वीजही मीटरवर चढतेच. असा सगळा हिशेब धरून हंगामाची सरासरी ३.२ भरली, तर वीज ३,७५० युनिट लागते आणि बचत १,०५० युनिटांवर, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांवर येते.

पंप पाणी तापवून ते रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये, खेळवत असेल, तर त्या पाण्याच्या तापमानाचा परिणाम तर याहून मोठा असू शकतो. बाहेर ० अंश असताना पाणी ३५ अंशांपर्यंत तापवायचे, तर उष्मागतिकीनुसार गुणांकाची कमाल मर्यादा ८.८ असते, ५५ अंशांसाठी ती ६ वर घसरते. प्रत्यक्षातले पंप या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खालीच राहतात, पण घसरण त्यांच्याही वाट्याला येते. लहान रेडिएटरमधून तेवढीच उष्णता मिळवायला पाणी जास्त तापवावे लागते, त्यामुळे जुने, लहान रेडिएटर तसेच ठेवून भारी पंप घेणे मला व्यवहाराचे वाटत नाही.

शिवाय गुणांक जसा वाढतो, तशी बचत आटत जाते. वरच्याच घरात १ वरून ३ वर गेल्यास ८,००० युनिट वाचतात. ३ वरून ५ वर गेल्यास फक्त १,६००. वाचलेल्या युनिटांना केवळ प्रतियुनिट दराने गुणावे, कारण बिलातला स्थिर आकार पंप बदलल्याने कमी होत नाही.

गॅसच्या बॉयलरवरून पंपाकडे वळणाऱ्यांना दोन इंधनांचे दर ताडून पाहावे लागतात. बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी वीज गॅसच्या तिप्पट महाग पडत असेल, तर हंगामी गुणांक २.७ च्या वर गेल्यावरच बिल उतरू लागते.